चार टायर आणि अकरा गुंठे

घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)
श्रावणातला सोमवार

चि. गोपीनाथभावोजी यांस,

वहिनीचे पोटभर आशीर्वाद. (लगेच खर्च करू नका. पत्र संपेपर्यंत त्यातले काही परत मागावे लागतील.) नागपूरला तुम्ही दोघं बरे असाल. मायाच्या पित्ताचं काय झालं? तिला सांगा, रात्री जागून मालिका बघणं बंद केलं की पित्तही बंद होईल. त्याला डॉक्टर लागत नाही, रिमोट लागतो. तुमचा खांदा आता वर जातो का? इकडे माझे गुडघे आहेत तसेच आहेत आणि तुमचे दादाही आहेत तसेच आहेत. त्यांचं ब्लडप्रेशर उत्तम आहे, कारण ते त्यांनी मला देऊन टाकलं आहे.

फोन करायचा सोडून वहिनी पत्र का लिहिते असं तुम्हाला वाटेल. फोनवर आपण बोलतो ते कोणी ऐकत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कधी नोकरी केलेली नसते. मी केली आहे. अख्खी नोकरी मीच ऐकत होते. शिवाय तुमच्या दादांना हल्ली माझा प्रत्येक फोन स्पीकरवर हवा असतो, म्हणजे त्यांना मधून मधून “त्याला सांग” असं म्हणता येतं. म्हणून पत्र. तुम्ही बसून वाचा. मी उभ्याने लिहिते आहे, फ्रीजवर कागद ठेवून. त्याचं कारण पुढे येईल.

विषय तुमच्या एटीव्हीचा. तुमच्याच म्हणते, कारण ती तुम्ही आणलीत. नागावच्या किनाऱ्यावर पोरांना फेऱ्या मारायला देणाऱ्या त्या माणसाने धंदा बंद केला, तुम्हाला ती चार फुगीर चाकांची फटफटी स्वस्तात मिळाली, आणि “वहिनी, दोनच महिने ठेवतो” म्हणून तुम्ही ती आपल्या खडवलीच्या जागेवर आणून टाकलीत. तेव्हा ती लाल होती. आता पिकल्या पेरूच्या गरासारखी आहे. शेजारच्या पाड्यातला गुणाजी, जो आपल्या जागेवर लक्ष ठेवतो, तिला ट्रॅक्टरचं पिल्लू म्हणतो. दोन महिन्यांचं काय झालं ते मी विचारत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलणाऱ्या मुलीला कोपऱ्यात उभं करत असत. तुम्हाला उभं करायला नागपूरला इतका मोठा कोपरा मिळायचा नाही.

पण एक कबूल करायला हवं. डांबरी रस्ता संपतो तिथून आपल्या जागेपर्यंतची जी वाट आहे, दगड, चर, मध्ये ओढा, ती माझ्या गुडघ्यांना जमत नाही. रिक्षावाले ओढा बघितला की “आजी, खालचा पत्रा जाईल” म्हणून तिथेच उतरवतात. (आजी! केस मी रंगवत नाही हे खरं, पण म्हणून?) त्या वाटेवर जाते ती एकटी तुमची एटीव्ही. गाडी गुणाजीच्या वाड्यात, रस्त्याच्या टोकाशी असते. मी रिक्षाने तिथवर जाते, पुढे एटीव्ही. (ही गाडी हमरस्त्यावर चालवता येत नाही हे मला माहीत आहे. मी ती आपल्या वाटेवरच चालवते. कायदा मला तुमच्यापेक्षा जास्त कळतो.) तर सरळ सांगायचं म्हणजे, एटीव्ही चालली तर मी जागेवर जाते, नाहीतर नाही. आणि मी तिथे जाऊन करते काय, असं तुमचे दादा दर वेळी विचारतात. काही नाही करत. जामाच्या दोन झाडांखाली खुर्ची टाकून बसते. आयुष्यभर कानात दुसऱ्यांचे आवाज घेतलेल्या बाईला काही न ऐकण्याची किंमत काय असते, ते ज्यांना पेन्शनीतही दिवसभर बातम्या लावून बसावं लागतं त्यांना नाही कळायचं. आमच्या बावीस मजली इमारतीत शांतता अशी एकच, लिफ्ट बंद पडते तेव्हा.

तर टायर. ते गेली दोन वर्षं भेगाळत होते, माझ्या टाचांसारखे. गुणाजीने पंक्चरं काढली, मग पंक्चरावर पंक्चरं काढली, आणि शेवटी पुढच्या डाव्या टायरमध्ये हवाच राहीना, तेव्हा त्याने त्याच्या डोक्याने उपाय केला आणि टायरमध्ये भाताचा पेंढा ठासून भरला. मला म्हणाला, “आता हवेची कटकटच नाय, बाई.” खरं सांगते, मला तो उपाय आवडला. चालली की गाडी! मे महिनाभर छान चालली. मग पाऊस लागला, आमचं जाणं राहिलं, आणि जुलैत मी एके दिवशी तुमच्या दादांना बरोबर घेऊन गेले. (हीच चूक. नवऱ्याला चांगली जागा दाखवायला न्यावं, वाईट टायर दाखवायला नेऊ नये.) गुणाजीने गाडीवरचं प्लास्टिक काढलं, आणि आम्ही तिघं जागच्या जागी उभे राहिलो. टायरच्या प्रत्येक भेगेतून हिरवागार भात वर आला होता. चांगला वीतभर. पेंढ्यात दाणे राहिले असणार, आत ओल, वर ऊन. आणखी काय लागतं? तुमचे दादा खाली वाकून बघतच राहिले. गुणाजी एवढंच म्हणाला, “रोप जोमदार हाय.”

तुमच्या दादांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. घरी आल्यावर चहा पिऊन म्हणाले की पुरे झालं. तुझे गुडघे असे, वाट तशी, आणि वाहनाला धान्य येतं. गणपतीच्या आत चांगले टायर मिळाले तर ठीक, नाहीतर ते अकरा गुंठे विकून टाकू. एक जण विचारतोच आहे, त्याला लग्नाचं लॉन करायचं आहे. लॉन! माझ्या जामांच्या जागी स्टेज आणि विहिरीच्या जागी वाढप्यांची टेबलं! मी म्हटलं, टायर मिळतील. ते म्हणाले, बघू. त्या “बघू”मध्ये जो गोडवा होता तो मला तेव्हाच खटकायला हवा होता.

मी लगेच कामाला लागले. पहिल्यांदा इथल्याच, घोडबंदर रोडवरच्या एका काचेच्या दुकानात गेले. आत एसी, भिंतीवर टायर असे लावलेले की जणू चित्रांचं प्रदर्शन. टाय लावलेल्या एका मुलाने मला आधी खुर्ची दिली, मग पाणी, आणि मग विचारलं की मॅम, नातवासाठी बघताय का? मी म्हटलं, नाही, मला चालवायची आहे. त्याने ते पाणी परत उचलून माझ्या जवळ सरकवलं. मग कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधून त्याने सांगितलं की या मॉडेलला तेरा वर्षं झाली, ते आता बनत नाही, टायर बाहेरून मागवावे लागतील. किंमत ऐकून मला ते पाणी उपयोगी पडलं. भावोजी, तुम्ही ती अख्खी गाडी ज्या पैशात घेतलीत, त्यात तिथे मागचे दोन टायर येतात. बसवणावळ वेगळी. मी विचारलं, या टायरबरोबर ड्रायव्हर देता का? तो नम्रपणे नाही म्हणाला. आमच्या काळी उद्धट दुकानदार असत, त्यांच्याशी भांडता तरी येई.

मग आमच्या मजल्यावरच्या एका मुलीने फोनवर स्वस्तातले चार शोधून दिले. फोटोत अगदी तस्सेच, जाड दातांचे, काळेभोर. पार्सल आलं ते एका हातात. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. उघडलं तर आत ताटाएवढे चार प्लास्टिकचे टायर, लहान मुलं बॅटरीच्या जीपमध्ये बसतात तिचे. तुमच्या दादांनी त्यातला एक हातात घेऊन फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बसतील गं.” हा माणूस टोमणा मारायला शिकला आहे, तेही या वयात. मी हबकले.

मग कल्याण. तिथे स्टेशनपासून पुढे एका गल्लीत जुन्या टायरवर नवीन रबर चढवून देतात असं गुणाजीला कळलं होतं. नमुना म्हणून तोच भातवाला टायर पोत्यात घालून मी रिक्षाने नेला. दुकानाचे मालक पोपटशेठ. त्यांनी पोतं उघडलं, टायर बाहेर काढला, भेगेतली एक काडी उपटली, ती नाकाशी धरली आणि म्हणाले, “मावशी, टायर आणलाय का कुंडी?” दुकानात बसलेले चार रिकामटेकडे पोट धरून हसले. मी म्हटलं, कुंडीच आहे, पण हल्ली मी तिच्यावर बसते. रबर चढवता की जाऊ? पोपटशेठ म्हणाले की हा टायर मेलाय, मेलेल्यावर काही चढत नाही. पण रिक्षाचे टायर आहेत, वापरलेले पण चांगले, रिंगमध्ये थोडं काम करून बसवून देतो, स्वस्तात. मी म्हटलं, अहो, पण ते केवढेसे. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मी अजून विसरले नाही: “मावशी, टायर गोल असला की झालं.”

मी घेतले, भावोजी. गणपती जवळ येत होते, आणि माणूस घाबरला की त्याला गोल ते सगळं चालतं. बसवल्यावर तुमची एटीव्ही पैलवानाला कॅनव्हासचे बूट घालावेत तशी दिसायला लागली. मी बसले, चालू केली, आणि पहिल्याच मोठ्या दगडावर तिचं पोट टेकलं. तीन चाकं जमिनीपासून किंचित वर, चौथं जेमतेम टेकलेलं, गाडी दगडावर, मी गाडीवर. इंजिन चालूच. मी सावकाश, अतिशय सावकाश, एका जागी गोल फिरायला लागले. आधी खडवली दिसली, मग डोंगर, मग गुणाजी, मग परत खडवली. तिसऱ्या फेरीला गुणाजीने धावत येऊन चावी काढली. पोपटशेठचं वाक्य मीच त्याला सांगितलं होतं, तर तो म्हणाला की टायर गोल होता म्हणून फिरला. मला त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

आता आवडाबाईंची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. आमचं संकुल जिथे आहे तिथे पूर्वी त्यांच्या घरची मिठागरं होती. त्या राहतात कोलशेतला, मोठ्या बंगल्यात, पण रोज सकाळी फिरायला आमच्या बागेत येतात. पहिल्या दिवशी वॉचमनने हटकलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो अजून त्यांना उभं राहून नमस्कार करतो. नाकात मोठी नथनी, हातात जाड पाटल्या, पायात पोराचे हिरवे बूट. मी आणि त्या रोज बरोबर चालतो. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला ‘टेलिफोनबाय’ म्हणतात.

त्या सकाळी त्यांनी विचारलं, “काय गो बाय, तोंड कशाला पाडलंस?” मी सगळं सांगितलं, भातापासून दगडापर्यंत. फक्त जागा कुठली ते सांगितलं नाही. ‘आमची गावाकडची जागा’ एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, चल, शीळफाट्याला जुन्या मालाची दुकानं आहेत, मी येते. आणि आम्ही त्यांच्या पांढऱ्या प्रचंड गाडीतून शीळफाट्याला गेलो. तिथल्या त्या टायरच्या डोंगरांतून एका भल्या गृहस्थाने आम्हाला चार टायर काढून दिले. एक शेतातल्या छोट्या नांगरयंत्राचा, एक गोल्फच्या गाडीचा, दोन कशाचे ते त्यालाही माहीत नव्हतं. चार टायर, चार उंच्या. मी म्हटलं, यावर बसले तर मी जन्मभर कोणाला तरी मुजरा करते आहे असं दिसेल. तो म्हणाला, माताजी, चलते चलते लेवल हो जाएगा. आवडाबाईंनी त्याला आपल्या बोलीत जे सुनावलं ते मी लिहीत नाही. मला अर्थ कळला नाही, पण तो मागे सरकत सरकत टायरच्या ढिगावर बसला.

परतताना वाहतूक तुंबली होती, गाडी जागची हलत नव्हती, आणि मी आपली खिडकीबाहेर बघत होते. आवडाबाई शेंगदाणे खात सहज म्हणाल्या, “टायर तं आमचे घरा हायेत. चार. नवे.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, बाई, एटीव्हीचे? तर हो, तसल्याच गाडीचे, प्रितमच्या. प्रितम त्यांचा मुलगा. मग मला इथवर कशाला आणलंत? मला ऊन लागलं, मी त्या माणसाच्या टायरांत पाय अडकून पडता पडता वाचले! त्यावर त्या उलट माझ्यावरच डाफरल्या. “तू इचारलंस कवा? तू बोललीस, टायर इकत घ्याचेत. आमचे घरा इकाचे टायर नाय.”

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये लॉजिक शिकवत, पण हे त्याच्या पलीकडचं होतं.

श्रावणातला शुक्रवार, म्हणजे तेरवाचा, त्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. प्रितमच्या हळदीची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. त्यांच्यात हळद लग्नापेक्षा मोठी. नवरदेव मांडवात येतो तो बघण्यासारखा. कोणी घोड्यावर, कोणी होडीत बसून ती होडी ट्रकवर. प्रितम आला एटीव्हीवरून, गॉगल लावून, मागे बँड. त्या एका संध्याकाळसाठी गाडी घेतली. त्यानंतर ती बंगल्याच्या मागे कापडाखाली उभी. कापड काढलं आणि मी बघतच राहिले. तुमच्याच गाडीची मोठी बहीण म्हणावी, तेवढ्याच मापाची चाकं, टायरांवर कारखान्यातले रबराचे केससुद्धा तसेच. टाकीवर हळदीचे पिवळे पंजे अजून उमटलेले. मी म्हटलं, अहो, नवरदेवाचं वाहन तुम्ही मोडणार? तर प्रितम म्हणाला, “मावशी, बिनधास्त न्या. बायको रोज बोलते, याच्या जागी तिची स्कूटी लागेल.”

त्याच्या दोन माणसांनी टायर काढून दिवाणखान्यात आणले. संगमरवरी फरशीवर वर्तमानपत्रं, त्यावर चार टायर. समोर झोपाळ्यावर आवडाबाईंचे यजमान, काळुरामशेठ, थंड पेय पीत बसलेले. अबोल माणूस, मान डोलावली, मलाही एक थंड पेय मागवलं. मी पर्स उघडली आणि विचारलं, काय द्यायचे?

भावोजी, मी जणू कोणाच्या तोंडात मारली. पंखा सोडून सगळं थांबलं. आवडाबाई म्हणाल्या, “येरी झालीस काय? सवाशीण बाय श्रावणात घरा आली, तिची ओटी नको भरू? ओटीचं पैसं देतंस?”

ओटी! टायरांची! मी म्हटलं, बाई, खण, नारळ, तांदूळ ठीक आहेत, पण... त्या म्हणाल्या, ते पण घालीन. पाटावर बसवलं मला. आता माझ्या अंगात सलवार-कमीज. पदर कुठून आणायचा? त्यांनी माझी ओढणी ओढून दोन्ही टोकं माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, घट्ट धर. मग एकेका टायरला हळद लागली, कुंकू लागलं, वर तांदळाची चिमूट, मधल्या भोकात नारळ ठेवला, आणि प्रितम आणि त्याचा एक माणूस टायर उचलून माझ्या ओढणीला टेकवून परत खाली ठेवायचे. पहिल्या टायरला ओढणी फाटली. दुसऱ्याला मी पाटासकट पुढे सरकले. मला मदर सुपीरियर दिसायला लागल्या. आम्हाला टेबलावर काटा कुठल्या हातात धरायचा ते शिकवण्यात त्या बाईंनी अख्खी हयात घालवली; टायर ओटीत कसा धरायचा ते मात्र राहून गेलं.

तीन झाले. चौथ्याला हळद लावताना आवडाबाईंनी सहज विचारलं की तुझी जागा कुठे गो? मी म्हटलं, खडवली, ओढ्याच्या पलीकडे, पत्र्याची एक खोली, विहीर, जामाची दोन झाडं.

झोपाळा थांबला.

काळुरामशेठनी पेला खाली ठेवला आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, “ताई, अकरा गुंठे? तुमचे मिस्टर रोज बातम्या बघतात तेच?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “मंग ती जागा मीच घेतोय. टोकन पन दिलाय. मिस्टरांनी घेतला ना. गेल्या महिन्यान.”

गेल्या महिन्यात! मी कल्याणात रिकामटेकड्यांचं हसं होत होते तेव्हा! दगडावर गोल फिरत होते तेव्हा! ‘बसतील गं’ म्हणणाऱ्या त्या माणसाच्या खिशात तेव्हा टोकन होतं! मी पाटावर बसले होते म्हणून बरं, उभी असते तर चौथ्या टायरवर पडले असते. मला बोलायला शब्द सुचला नाही. (तुमच्या दादांना सांगू नका, ते ती तारीख पाळतील.)

बोलल्या त्या आवडाबाई. हातात हळदीची वाटी, नवऱ्याकडे वळल्या. “तुमाला आजून जागा पायजे? होती ती इकलीत ना? आता या बायची घेऊन त्यावर कोनाची लग्नां लावताव?” काळुरामशेठ पुटपुटले की धंद्याची गोष्ट आहे, तू मध्ये पडू नको. त्यावर त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, “आमची इकली तवा मना कोनी इचारलंच नाय. सकालची उठले तं मिठागरान खांब रोवलेले.”

मला कळलं त्या रोज आमच्या बागेत का येतात. मी आजवर समजत होते, व्यायामाला. मग त्यांनी चौथ्या टायरला कुंकू लावलं, नारळ ठेवला, आणि मला म्हणाल्या, “तू इकू नको, बाय.”

काळुरामशेठ दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, “ताई, मिस्टर टोकन परत देतील तं मी घेईन, माझा काय राग नाय. पन सह्या झाल्यावर मंग माझा इलाज नाय.” सरळ माणूस आहे. आमच्या घरातल्या माणसापेक्षा तरी सरळ.

घरी येऊन मी विचारलं. तुमच्या दादांनी चष्मा पुसला. (पुसायची गरज नव्हती.) म्हणाले, मी तुझ्याच काळजीने केलं, तू तिथे एकटी पडलीस तर कोणाला कळणार? मी म्हटलं, गणपतीपर्यंतची मुदत कशाला दिलीत मग? म्हणाले, टायर मिळणार नाहीत याची मला खात्री होती. मी म्हटलं, मिळाले. “मिळाले? कसे मिळाले?” ओटीत मिळाले. ते खाली पार्किंगमध्ये गेले. मी खिडकीतून बघत होते. चारही टायर त्यांनी अंगठ्याने दाबून बघितले, नारळ हलवून बघितला, मग बोटाला लागलेलं कुंकू रुमालाला पुसलं. वर येऊन म्हणाले, आता गोष्ट फार पुढे गेली आहे.

काल रविवारी मी गेले. एकटी. प्रितमच्या माणसांनी शनिवारी पोचवलेले टायर गुणाजीने बसवले, हळदीसकट, पुसायला तयारच होईना. ओढा भरला होता तरी गाडी बेडकासारखी पलीकडे गेली. वाटेत पाड्यातल्या बायका डोईवर हंडे घेऊन थांबल्या आणि त्यांनी हात जोडले, मला की टायरांना ते विचारायचं मी टाळलं. दगड तर कळलेच नाहीत. निदान गाडीला कळले नाहीत. मला कळले, म्हणून आज उभ्याने लिहिते आहे. जामांखाली खुर्ची टाकून बसले. संध्याकाळपर्यंत एकानेही बेल वाजवली नाही.

तर असं सगळं. तुम्हाला कळवावं एवढ्यासाठीच लिहिलं, तुमच्याकडे मागायचं काही नाही. मायाला आशीर्वाद, तिने जाड चप्पल घालून फिरावं. तब्येतीला जपा.

तुमची
वहिनी

ता. क. : मागायचं एक आहे. जागेवर तुमचंही नाव आहे, हे तुमच्या दादांना सध्या फार आठवतं आहे. तुम्हाला नागपूरहून यायचा त्रास नको म्हणून ते कुरिअरने मुखत्यारपत्र पाठवताहेत, सोबत एक गोड चिठ्ठी असेल आणि बहुधा लहानपणीची एखादी आठवण. आठवण वाचा, डोळे पुसा, सही करू नका.

ता. क. २ : तुम्ही मोठ्या भावाने पाठवलेल्या कागदावर वाचायच्या आधी सही करता हे मला लग्न होऊन या घरात आल्यापासून माहीत आहे. केलीच असेल, तर कागदावर चहा सांडा. पूर्ण कप. तुमच्या हातून चहा सांडला यावर दोन्ही घरांत कोणीही शंका घेणार नाही. पाकिटावर नाव मुद्दाम मायाचं घातलं आहे, कारण पोस्टात टाकायला ते तुमच्या दादांच्याच हाती द्यावं लागेल.

ता. क. ३ : पाकीट बंद करत होते तेवढ्यात ते आत आले. बराच वेळ पडदा सरळ करत उभे राहिले आणि मग विचारलं, “त्या गाडीवर मागे कोणी बसू शकतं का?” मी म्हटलं, नाही. खरं तर बसू शकतं, चांगली रुंद सीट आहे. पण आधी टोकन परत जाऊ दे, मग सांगते.